आजीच्या खोलीचा पारा

देवास हे नाव आपल्या भागातल्या घरांना परकं नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजेच आपले कुमार गंधर्व, १९४८ साली तिथे राहायला गेले ते गाण्यासाठी नव्हे, हवेसाठी. क्षयाचं दुखणं होतं आणि कोरडी हवा मानवेल असा वैद्यकीय सल्ला होता. पुढची काही वर्षं गाणं बंदच होतं. मग नवी औषधं आली, प्रकृती सुधारली आणि १९५३ साली ते पुन्हा मैफलीत बसले. १९९२ साली गेले तेही देवासलाच. कन्नड घरात जन्मलेल्या आणि मराठी रसिकांनी डोक्यावर घेतलेल्या या माणसाला माळव्याच्या हवेनं सांभाळलं, असं तिथली मराठी मंडळी आजही अभिमानानं सांगतात.

ती हवा अजून तशीच आहे का, हा प्रश्न गेल्या मे महिन्यात मला पडला. माझी मावसबहीण लग्न होऊन देवासला गेली, त्याला आता तीस वर्षं होतील. तिच्या सासूबाईंचं माहेर धारचं. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थानं. त्यातही देवासमध्ये थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्यं होती. त्यामुळे या दोन्ही गावांत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांची मराठी ऐकायला गोड. आपल्या मराठीत जसा कन्नडचा हेल, तसा त्यांच्या मराठीत हिंदीचा. ‘उकडतंय’ असं तिथे फारसं कुणी म्हणत नाही, ‘गर्मी होते आहे’ म्हणतात.

माळव्याची रात्र पूर्वीपासून नावाजलेली. ‘शब-ए-मालवा’ म्हणजे दिवसभर कितीही तापलं तरी रात्री गच्चीवर गार वारा यायचाच. पण आता माणसं गच्चीवर कुठे झोपतात? ती गच्चीच्या खालच्या खोलीत झोपतात. बहिणीच्या घरात त्या खोलीत आजी झोपतात, म्हणजे तिच्या सासूबाई. वय ८३. खाली प्रशस्त खोली रिकामी आहे, पण वरच्या खिडकीतून देवीची टेकडी दिसते. सकाळी डोळे उघडले की दर्शन होतं. त्यामुळे ती खोली सोडायला त्या तयार नाहीत.

बहिणीचा मुलगा बंगळूरला नोकरी करतो. कन्नडही शिकलाय, मला फोनवर ‘ऊट आयता मावशी?’ विचारतो. सुट्टीला घरी आला तेव्हा त्यानं आधी घरातले दिवे आणि पाण्याचा पंप फोनवरून चालू-बंद करण्याची सोय केली. एका छोट्या रास्पबेरी पाय संगणकावर ‘होम असिस्टंट’ नावाची मोफत प्रणाली बसवली. ही प्रणाली २०१३ पासून आहे. तिची माहिती घरातच राहते, कंपनीच्या दारात जात नाही. मग त्याच्या डोक्यात आलं, दिवे झाले, आता खोल्यांचं तापमान कळायला हवं.

मी मराठी शिकवणारी बाई, यंत्रांशी माझा संबंध मिक्सरपुरता. तरीही मला त्याचं म्हणणं पटलं. बातम्यांत सांगतात ते तापमान वेधशाळेचं असतं. तिथला तापमापक पांढऱ्या, फटींच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, सावलीत आणि वाऱ्यात ठेवलेला असतो. तो हवेचं खरं तापमान सांगतो, पण त्या पेटीत कुणी झोपत नाही. आपण झोपतो त्या खोलीचा आकडा कुणीच सांगत नाही.

भाच्यानं आधी सुटे भाग आणून स्वतः जुळणी केली. ‘ईएसपी ८२६६’ नावाची वाय-फायची चकती आणि ‘डीएचटी २२’ हा पांढरा जाळीदार सेन्सर. याची चूक अर्ध्या अंशाच्या आसपास. याचाच निळा धाकटा भाऊ ‘डीएचटी ११’ आणखी स्वस्त, पण त्याची चूक दोन अंशांपर्यंत जाऊ शकते. एक सेन्सर काही शे रुपयांत तयार झाला. साबणाच्या डबीत बसवला, वायर लोंबत ठेवली आणि आजींच्या पलंगाशेजारी भिंतीवर चिकटवला.

बहिणीनं पाहिलं आणि म्हणाली, ‘‘हे काय भिंतीवर लटकवलंस? उद्या हळदीकुंकवाला बायका आल्या तर काय म्हणतील?’’ दुसऱ्या दिवशी डबी कपाटामागे गेली. तिथे ती इमानेइतबारे कपाटामागचं तापमान सांगत राहिली.

इथे मला वाटतं, बहिणीची बाजूही समजून घ्यायला हवी. घरात राहणाऱ्या वस्तूनं घराला शोभायला हवं, ही काही नुसती हौस नाही. सेन्सरच्या बाबतीत तर दिसण्याचा आकड्याशी थेट संबंध आहे. कुरूप वस्तू लपवली जाते, आणि लपवलेला सेन्सर खोटं बोलतो. टीव्हीमागे, फ्रिजवर, पडद्याआड, उन्हाच्या भिंतीवर, पंख्याच्या रेग्युलेटरशेजारी, कुठेही ठेवला तरी तो त्या जागेपुरतंच सांगणार. शिवाय बंद डबीत वाय-फायची चकती स्वतःच तापते आणि शेजारच्या सेन्सरला ताप चढवते. म्हणून हवा खेळायला छिद्रं हवीत आणि चकती व सेन्सर यांत अंतर हवं. जागा हवी ती आतल्या भिंतीवर, पलंगावर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला.

शेवटी तोडगा निघाला. भाच्यानं तयार मिळणारे छोटे झिगबी सेन्सर आणले. चहाच्या बशीहून लहान, पांढरे, गोल. काहींवर आकडा दाखवणारा पडदाही असतो. हे सेन्सर बटणासारख्या सेलवर बरेच महिने चालतात, वायर नाही, प्लग नाही. मात्र संगणकाला झिगबीची एक कांडी जोडावी लागते. आजींच्या खोलीसाठी ओळखीच्या सुताराकडून जाळीकाम केलेली सागवानी चौकट करून घेतली. आता पाहुण्यांना ती देवघरातल्या जाळीसारखी वाटते. भिंतीवर लावण्याआधी सगळे सेन्सर एका ताटात रात्रभर शेजारी शेजारी ठेवले. ज्याचा आकडा इतरांपेक्षा वेगळा आला, त्याचा फरक लिहून ठेवला आणि प्रणालीत तेवढी दुरुस्ती केली. हे काम दहा मिनिटांचं, पण ते केल्याशिवाय खोल्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

मग आकडे बोलू लागले. रात्री दहा वाजता खालच्या हॉलमध्ये ३२ अंश. बाहेर अंगणात सावलीतल्या सेन्सरवर ३०. आणि आजींच्या खोलीत ३७! कारण साधं आहे. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता काही तासांनी आत सोडू लागतो. बाहेर गारवा येतो तेव्हा आत भट्टी पेटलेली असते. एक सेन्सर भाच्यानं धारला आजींच्या माहेरच्या जुन्या वाड्यातही नेऊन लावला. दोन हात जाडीच्या भिंती, वर माळा, मधे चौक. तिथल्या मधल्या खोलीचा आकडा दिवस-रात्र दोन-तीन अंशांपलीकडे हलतच नव्हता.

धारला गेलो तसं मांडूलाही जाऊन आलो. धारपासून जेमतेम ३५ किलोमीटर. जहाज महाल दोन तलावांच्या मधोमध उभा आहे, पाण्यावरून येणारा वारा आत खेळावा म्हणून. चंपा बावडीच्या काठाने जमिनीखाली खोल्या आहेत, उन्हाळ्यात बसायला. त्याहून जुनी गोष्ट भोजराजाची. अकराव्या शतकात धारेला राज्य करणाऱ्या भोजाच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ आहे. त्यात यंत्रांवर एक अख्खा अध्याय आहे, आणि पाण्याच्या तुषारांनी गारवा देणाऱ्या धारागृहांचे प्रकार त्यात सांगितले आहेत. ती सगळी प्रत्यक्षात बांधली होती असं कुणी म्हणू नये. पण खोली गार कशी ठेवावी हा राजालाही पडणारा प्रश्न होता, एवढं नक्की.

राजाला उकडलं तर सांगायला चाकर होते. आजींचं तसं नाही. त्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘‘थोडी गर्मी तर असतेच. मला काही होत नाही.’’ त्यात खोटेपणा नाही. वय वाढलं की तहान कमी लागते, घामही कमी येतो, शरीर तापल्याचं लवकर जाणवत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेत सुमारे १५ हजार माणसं गेली. त्यात एकटी राहणारी वृद्ध माणसं फार होती, आणि छपराखालच्या खोलीत झोपणाऱ्यांना धोका जास्त होता, असं पुढच्या पाहणीत दिसलं. श्रीमंत देशातली ही गोष्ट. त्या माणसांनीही बहुधा ‘मला काही होत नाही’ असंच म्हटलं असेल.

आकडा समोर आल्यावर बहिणीच्या घरात काय बदललं? आजी खोली सोडायला तयार नव्हत्याच, आणि त्यांना ओढून खाली आणणं कुणाला पटलंही नसतं. म्हणून खोलीलाच बदललं. गच्चीला पांढरा रंग दिला, त्यानं रात्रीचा आकडा दोन-तीन अंशांनी उतरला. दुपारी खिडक्या आणि पडदे बंद. आणि ज्या क्षणी अंगणातला आकडा खोलीतल्या आकड्याच्या खाली जातो, त्या क्षणी बहिणीच्या फोनवर निरोप येतो, ‘बाहेर गार झालं, आजीची खिडकी उघडा.’ मोटार नाही, एसी नाही. निरोप आणि माणूस, बस्स. खोली ३६ च्या वर गेली तर वेगळा निरोप, ‘आजीला पाणी द्या, खाली घेऊन या.’ बंगळूरला भाच्यालाही तोच निरोप जातो आणि तो फोन करतो. आजी म्हणतात, ‘‘याला तिकडे बसून इथली गर्मी कशी कळते रे देवा?’’

या कल्पनेचा जनकही एक मास्तरच होता, हे वाचून मला बरं वाटलं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका शाळेत वॉरन जॉन्सन शिकवत. शिपाई वर्गावर्गांत डोकावून गरम आहे की गार ते पाहायचा आणि तळघरात जाऊन झडपा फिरवायचा. तास मोडायचा. जॉन्सननी वर्गात विजेचा तापमापक लावला, तो तळघरात घंटा वाजवायचा. त्याचं पेटंट १८८३ चं. म्हणजे सुरुवातीला यंत्रानं फक्त निरोप दिला, झडप माणसानंच फिरवली.

आता आपल्याकडचं. ‘आमचं बेळगाव थंड’ असं आपण सांगतो खरं, पण हंचिन मने जाऊन स्लॅबची घरं आली, त्याला किती वर्षं झाली? कौलांच्या फटींतून उष्णता निघून जायची, ती आता डोक्यावर बसते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कन्नडमध्ये ‘बिसिलु’ वेगळं आणि ‘सेके’ वेगळी. आपल्या मराठीतही ऊन वेगळं, उकाडा वेगळा. नुसता अंश सांगणारा तापमापक हा भेद ओळखत नाही, म्हणून दमटपणाही सांगणारा सेन्सर घ्यावा. माळव्यात मे महिन्यात हवा कोरडी, कूलर छान चालतो. पाऊस सुरू झाला की तोच कूलर खोली नुसती ओली करतो. आपल्याकडे दमटपणा ६०-६५ टक्क्यांच्या वर असेल तर कूलरपेक्षा वारा खेळता ठेवलेला बरा. पंख्याबद्दलही जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे, खोली ४० अंशांच्या वर गेली की पंखा शरीराला गार करत नाही, तापवतो. आणि एसी असेल तर केंद्र सरकारच्या नियमानं २०२० पासून नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतात. तिथून प्रत्येक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

खर्चाचं म्हणाल तर सगळ्या घराला एकदम लावण्याची गरज नाही. संगणकाशिवाय, पडदा असलेला एक साधा सेन्सरही चालतो. भिंतीवरचं कॅलेंडर बघावं तसा जाता-येता बघायचा. फक्त पहिला सेन्सर हॉलमध्ये, सोफ्याच्या वर लावू नका. तिथे पाहुण्यांना दिसेल, पण तिथे उकडलं तर सांगणारी माणसं असतात. तान्हं बाळ, अंथरुणाला खिळलेलं माणूस, आणि ‘मला काही होत नाही’ म्हणणारी आजी किंवा अज्जी, यांच्या खोलीत तो आधी लावा. दिसायला नीटसा घ्या, म्हणजे कुणी तो कपाटामागे टाकणार नाही. आणि होळीच्या आत लावा, कारण आपल्याकडे मार्चपासूनच स्लॅब तापायला लागतो.