मासे जगले, म्हणून पाणी चांगलं?

संपादक महोदय,

औषध कारखान्यांच्या सांडपाण्याचा विषय निघाला की आमच्या मंडळीतही एक उत्तर हमखास येतं: "अहो, मासे जगतात ना त्यात?" बरीच वर्षं प्राणिशास्त्र शिकवल्यामुळे यावर लिहावंसं वाटतं.

आपला नियमच तसा आहे. सांडपाण्यात ९६ तास मासे ठेवायचे. शंभरातले नव्वद जगले की पाणी पास. माशांना लगेच मारणाऱ्या विषांसाठी ही परीक्षा ठीक. पण अँटिबायोटिक जंतू मारायला केलेलं असतं, मासे नव्हे. सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला १० मिलिग्रॅम असलं तरी लहान माशांना प्रयोगशाळेत फारसं काही झालं नाही. उलट निळ्या-हिरव्या शेवाळाची वाढ लिटरला १७ मायक्रोग्रॅमवरच निम्मी झाली, म्हणजे जवळजवळ सहाशे पट कमी औषधात! त्याला शेवाळ म्हणतात इतकंच, जातीने ते जिवाणूच. आणि पाण्यातल्या कितीतरी बारीक जिवांचं पोट त्याच्यावर.

आमच्या हैदराबादजवळ पटानचेरूला काय झालं? तिथल्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे 'शुद्ध' केलेल्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन असल्याचं स्वीडिश संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलं. गोळी घेतलेल्या रोग्याच्या रक्तातही इतकं नसतं. पुढे खालच्या ओढ्याच्या गाळात औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंची जनुकंही सापडली. त्या पाण्यात तर मासेसुद्धा तगले नाहीत, त्यामुळे ते वाईट हे कुणीही सांगेल. मला खरी धास्ती वाटते ती मासे तगतील इतपतच साफ केलेल्या पाण्याची. ते परीक्षेत पास होतं आणि पुढे ओढ्यात जातं.

केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकवर मर्यादा घालणारा मसुदा काढला होता. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा नाहीत. का गाळल्या, हे लोकप्रतिनिधींना विचारायला हवं.

कारखाने बंद करा असं मी म्हणत नाही. कितीतरी घरांच्या चुली त्यांवर पेटतात, आणि औषधं तर आपल्या सगळ्यांनाच लागतात. पण माशांच्या जोडीला शेवाळाची ७२ तासांची चाचणी आणि पाण्यातल्या औषधाचं मोजमाप सक्तीचं करावं, आणि दर महिन्याचे आकडे कारखान्याच्या फाटकावर तेलुगूत लावावेत. ओढ्याकाठी राहणाऱ्यांना ते वाचता आले पाहिजेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, हैदराबाद