एल्कला पुरेल, खांद्याला पेलेल

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत एकाच शिकाऱ्याच्या खिशात एकाच हंगामाचे दोन परवाने असू शकतात. एक वायोमिंगच्या उघड्या माळावरच्या प्राँगहॉर्नचा, दुसरा कोलोरॅडोच्या स्प्रूसच्या रानातल्या नर एल्कचा. प्राँगहॉर्न आपल्या काळविटापेक्षा थोडा जड, पन्नासेक किलोचा. एल्क तीनशे किलोंच्या घरातला, म्हणजे थोराड सांबराच्या तोडीचा. पहिल्यावर बार काढायचा तो बहुधा दोनशे-तीनशे यार्डांवरून, अंगावर वारा घेत. दुसरा कधी चाळीस यार्डांवर झाडीत उभा असतो, तर कधी दरीपलीकडच्या उतारावर चरताना दिसतो. या दोन टोकांच्या मध्ये म्यूल डिअर, काळे अस्वल आणि बिगहॉर्न मेंढा येतात. प्रत्येकासाठी वेगळी रायफल घेणारे हौशी आहेतच. पण एकच घ्यायची तर कोणती, हा प्रश्न बहुतेकांचा.

त्याची चर्चा काडतुसाच्या नावापासून सुरू करण्याची रीत जुनी आहे. अमेरिकी लष्कराने १९०६ मध्ये .३०-०६ स्प्रिंगफील्ड स्वीकारले. त्याच कुळातल्या पुंगळीचे तोंड आवळून विंचेस्टरने १९२५ मध्ये .२७० बाजारात आणले. जॅक ओकॉनर यांनी ‘आउटडोअर लाइफ’ मासिकातून वर्षानुवर्षे .२७० ची बाजू लावून धरली. आयडाहोचे एल्मर कीथ जाड आणि जड गोळीचे कट्टर पुरस्कर्ते. दोघांच्या वादाने कित्येक शेकोट्या जागत्या ठेवल्या. १९६२ मध्ये ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम आणि पुढच्याच वर्षी .३०० विंचेस्टर मॅग्नम आले. अलीकडे ६.५ क्रीडमूर निशाणबाजीच्या मैदानावरून शिकारीत शिरले आणि मऊ धक्क्यामुळे तिथे रुळलेही.

आकडे मांडून पाहिले की या वादातली बरीच हवा निघून जाते. २०० यार्डांवर झीरो केलेल्या, म्हणजे तिथे नेम जुळवलेल्या रायफलीतून .२७० ची १३० ग्रेनची गोळी ३०० यार्डांवर साडेसहा-सात इंच खाली लागते, .३०-०६ ची १६५ ग्रेनची आठेक इंच, .३०० मॅग्नमची १८० ग्रेनची सातेक इंच. प्राँगहॉर्नचे काळीज आणि फुप्फुसे मिळून आठ-नऊ इंचांचे वर्तुळ होते. एल्कचे त्याहून बरेच मोठे. म्हणजे ३०० यार्डांच्या आत मॅग्नमने वाचवलेला इंचभर कुणाच्या उपयोगी पडत नाही. .२७० ची गोळी १०० यार्डांवर मुद्दाम तीन इंच वर बसवली, तर ३०० यार्डांपर्यंत नेम वर-खाली करण्याची गरजच उरत नाही. छातीच्या मधोमध धरावे आणि चाप दाबावा. त्यापलीकडे खरी अडचण वाऱ्याची असते. ताशी १० मैलांचा आडवा वारा .३०-०६ ची गोळी ३०० यार्डांवर सहा-सात इंच बाजूला नेतो, आणि दरीतला वारा शिकाऱ्याच्या गालाला जसा लागतो तसाच समोरच्या उतारावर वाहत असेल याची खात्री नसते. चारशेच्या पुढे मॅग्नमला अर्थ येतो. पण तेवढ्या अंतरावर मांडी ठोकून, धापा टाकत, पहिल्याच गोळीत नेम साधणारे हात थोडे.

मॅग्नमची किंमत खांदा मोजतो. आठ पौंडांच्या रायफलीत ६.५ क्रीडमूरचा धक्का सुमारे १२-१३ फूट-पौंडांचा, .२७० चा १७ च्या आसपास, .३०-०६ चा २० आणि .३०० मॅग्नमचा २५ च्या वर जातो. डोंगर चढायचा म्हणून त्याच मॅग्नमची साडेसहा पौंडांची हलकी आवृत्ती घेतली, तर धक्का आणखी वाढतो. हाड मोडत नाही, सवय मोडते. बार होण्याआधीच खांदा आखडू लागतो, डोळे मिटतात, बोट चाप हिसकते. हे नेमबाजाला स्वतःला कळत नाही, कारण खऱ्या बारात धक्क्याखाली सगळे झाकले जाते. कळायचे असेल तर साथीदाराने नकळत एक डमी काडतूस भरावे. चाप दाबला, ‘टक्’ झाले, बार झालाच नाही आणि तरीही नळीचे तोंड दोन इंच खाली बुडाले, तर दोष रायफलीत शोधण्यात अर्थ नाही. अशा माणसाच्या हाती .३०० मॅग्नम देण्यापेक्षा .३०८ किंवा .२७० दिलेली हजारपट बरी. नळीच्या तोंडाशी बसवलेला मझल ब्रेक धक्का कमी करतो हे खरे, पण बाजूला बसलेल्या वाटाड्याच्या कानांचे हाल होतात.

एल्कच्या बाबतीत निर्णायक ठरते ती गोळी, आणि नेमका त्याच खरेदीत हात आखडला जातो. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसच्या कातड्यावरच फुटून गेल्या, आत पोहोचल्याच नाहीत. जवळून, मॅग्नमच्या वेगाने मारल्या होत्या. वेग जास्त होता म्हणूनच फुटल्या. त्या अनुभवातून नॉस्लर यांनी मधोमध तांब्याचा पडदा असलेली पार्टिशन गोळी घडवली. पुढचा अर्धा भाग उमलतो, मागचा पडद्याआड शाबूत राहून आत शिरत जातो. १९४८ पासून ती विकली जात आहे आणि आजही एल्कसाठी वाईट म्हणता येणार नाही. १९८९ मध्ये बार्न्सने निखळ तांब्याची एक्स गोळी आणली. तांबे शिशासारखे विखुरत नाही, वजन जवळजवळ पूर्ण टिकवते. मात्र शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून एक पायरी हलकी निवडणे शहाणपणाचे. .३०-०६ मध्ये १८० ऐवजी १६५ ग्रेन पुरते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीसाठी शिसेविरहित गोळी सक्तीची आहे. जनावराच्या टाकलेल्या आतड्यांतले शिशाचे कण खाऊन कॉन्डोर गिधाडे मरत होती, हे त्यामागचे एक मोठे कारण. पातळ कवचाची, झटकन फुटणारी गोळी प्राँगहॉर्नला चालते. एल्कच्या खांद्याच्या हाडावर तिचा चुरा होतो. एकच काडतूस दोन्हींसाठी वापरायचे तर ते एल्कच्या मापाने घ्यावे. प्राँगहॉर्न जास्त पक्क्या गोळीने निसटत नाही.

रायफल बोल्टचीच असावी, यावर फारसे दुमत नाही. दुर्बीण, पट्टा आणि चार काडतुसांसह आठ पौंड, म्हणजे साडेतीन किलोंच्या वर थोडे, हा वजनाचा मध्य. याहून जड रायफल तीन हजार मीटर उंचीवर दिवसभर खांद्याला सलते. फार हलकी असली तर दम लागलेल्या छातीबरोबर नळी हेलकावत राहते. नळी साध्या काडतुसाला २२ इंच, मॅग्नमला २४. विंचेस्टर मॉडेल ७० ची १९६४ पूर्वीची रचना मॉझरच्या धर्तीची, काडतूस घराबाहेर पडताच पंजात धरणारी. ग्रिझलीच्या मुलखात तिला मान आहे. रेमिंग्टन ७०० किंवा टिक्का टी-३ मध्ये ती सोय नसली तरी एल्कच्या शिकारीत कुणाचे काही अडत नाही. बोल्ट अर्धवट मागे ओढून रिकाम्या कोठीवर पुढे लोटणारे हात मात्र अडतात, आणि तो दोष मोजे घालून सराव केल्यानेच जातो.

अक्रोडाच्या दस्त्याचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. पण ओल धरून लाकूड फुगले आणि नळीला टेकले, की ऑगस्टमधला झीरो नोव्हेंबरात राहत नाही. तपासणी सोपी आहे: नळी आणि दस्ता यांच्या फटीत एक नोट सरकवून मागे ओढत न्यावी. कुठे अडकली तर तिथे लाकूड टेकले आहे. फायबरग्लासचा दस्ता दिसायला रुक्ष, पण हिमात आणि पावसात नेम सांभाळतो. बोल्टच्या आतले जाड तेल कडाक्याच्या थंडीत गोठते आणि फायरिंग पिनचा ठोका मंदावतो. हंगामापूर्वी ते पुसून कोरडे करावे.

दुर्बीण ३-९×४० पुष्कळ झाली. रानात चालताना ती ३ वर ठेवलेली असावी. ९ वर ठेवलेल्या दुर्बिणीत चाळीस यार्डांवरचा एल्क म्हणजे नुसती तपकिरी लव. वरच्या उताराकडे बार काढताना डोळा काचेजवळ जातो आणि मॅग्नमचा धक्का भुवई फोडतो, म्हणून डोळा आणि काच यांतले अंतर साडेतीन इंचांहून कमी नसावे.

कायद्याची किमान अट याहून बरीच खाली असते. कोलोरॅडोत .२४ इंचांपासूनचा बोअर चालतो, एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा लागते. एवढ्यावर भागवणारा शिकारी कायद्यात बसतो, पण ३०० यार्डांवरच्या एल्कसाठी हे तुटपुंजे आहे. त्या राज्यात १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही दाखवावे लागते. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी नेमबाजांना मात्र ही माहिती कामाची. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला अमेरिकेत एरवी बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार-परवाना हा त्याला असलेला मुख्य अपवाद.

उरला प्रश्न काडतुसे मिळण्याचा. विमानाने जाताना रायफल कुलूपबंद कडक पेटीत, आधी सांगून न्यावी लागते आणि काडतुसे ११ पौंडांपर्यंतच नेता येतात. पेटी पोहोचली आणि काडतुसांची पिशवी हरवली, असे होतेच. वायोमिंगमधल्या छोट्या गावच्या हार्डवेअरच्या दुकानात .२७०, .३०-०६, ६.५ क्रीडमूर किंवा .३०० मॅग्नमचा डबा मिळण्याची आशा असते. कालपरवा निघालेल्या एखाद्या चकचकीत काडतुसाचा मिळेलच असे नाही. डबा मिळाला तरी गोळी वेगळी, दारू वेगळी, म्हणजे झीरोही वेगळा. गावाबाहेर १०० यार्ड मोजून, कागदावर तीन गोळ्या झाडून, दुर्बिणीचे दोन-चार टिक फिरवूनच डोंगराकडे निघावे.