पिकअपचा टायर आतून का झिजला?

आमच्या वस्तीत जुन्या पिकअपवर पोट भरणारी चार-पाच कुटुंबे आहेत. त्यातल्या एका घरी गाडीच्या हिशेबाची वही वहिनी सांभाळतात. परवा त्या म्हणाल्या, "भावजी, पुढचा टायर बदलून पावसाळाही सरला नाही, अन् आतल्या कडेने गुळगुळीत झालाय. हे म्हणतात, टायरच हलका निघाला."

आम्ही गाडीपाशी गेलो. गतिरोधकावर पुढून खट्ट आवाज येतो काय, असे विचारले. दादा म्हणाले, "येतो की, वर्षभर येतोय." तिथेच आम्हाला शंका आली.

पुढे पाटे असलेल्या गाडीत किंगपिन असते, तिची गोष्ट वेगळी. परंतु ज्या पिकअपला पुढे वर-खाली दोन आर्म असतात, तिथे चाकाचे नकल त्या आर्मना बॉल जॉइंटने जोडलेले असते. वाटीत बसवलेला पोलादी गोळा, वर ग्रीस आणि रबरी टोपी, एवढाच हा प्रकार. टोपी फाटली की चिखलपाणी आत जाते, ग्रीस बाहेर येते आणि गोळा-वाटी एकमेकांना खातात. चाक तिरके होते, टायर एका कडेने झिजतो. खरी भीती पुढची आहे. गोळा वाटीतून निसटला की चाक बाहेर दुमडते आणि गाडी बसते. दादांची गाडी पहाटे घाट उतरते, मागे मालावर दोन-तीन हमाल बसलेले असतात.

तपासणी घरच्या घरी होते. स्प्रिंगचा किंवा टॉर्शन बारचा भार खालच्या आर्मवर असेल, तर जॅक त्याच आर्मखाली, चाकाच्या जवळ लावावा. चॅसीखाली लावला तर जॉइंट ताणलेला राहतो आणि ढिलाई लपते. मग चाक वरून व खालून धरून हलवावे. हलले, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही हलत राहिले तर बॉल जॉइंटचा. आमच्या वेळी ब्रेकवर वहिनीच बसल्या. चाक हलतच राहिले.

पहिल्या मिस्त्रीने "वेल्डिंग मारून देतो, वर्ष निघेल" असे सांगितले. आम्ही साफ नको म्हटले. कडक केलेल्या पोलादाला आच लागली की त्याचे पाणी उतरते.

दुसऱ्याने काम रीतसर केले. गाडी घोडीवर घेतली, आणि स्प्रिंगचा जोर अंगावर येऊ नये म्हणून आर्मला खालून जॅकचा आधार ठेवला. नट पूर्ण न काढता चार आटे ढिला केला आणि नकलच्या कानावर बाजूने हातोडा मारला, तेव्हा टेपर सुटला. नट तसाच असल्याने आर्म उसळला नाही. (ही घाई करून बोटे गमावलेले लोक गॅरेजात भेटतात.) नवा जॉइंट बसवताना टेपर कोरडा पुसून घेतला. नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ताणाने आवळला. स्प्लिट पिनचे भोक जुळेना, तेव्हा नट थोडा पुढे आवळला. मागे फिरवायचा नसतो. पिन नवीच घातली. त्याच दिवशी व्हील अलाइनमेंटही करून घेतले. ते राहिले असते तर नवा टायरही गेला असता.

जुने दोन्ही जॉइंट आम्ही मागून घेतले. चांगल्या जॉइंटचा दांडा हाताने फिरवायला जोर लागतो. हा दादांच्या धाकट्या मुलाने एका बोटाने हलवला, तर लुळा पडला. वहिनींनी वहीत तीन ओळी लिहिल्या: जॉइंट, मजुरी, अलाइनमेंट. टायरची ओळ त्यांनी वरच्या पानावर शोधून काढली आणि दादांपुढे ठेवली.