चिमणरावांची आठवण काढून झाली, आता टेपा शोधायच्या का?

मंडळी, दर ४ ऑगस्टला आपल्या सगळ्यांच्या वॉलवर एकच माणूस वेगवेगळ्या रूपांत दिसतो. दिलीप प्रभावळकरांचा वाढदिवस असतो ना! कोणी टिपऱ्यांचे आबा टाकतं, कोणी तात्या विंचू, कोणी 'चौकट राजा'मधला नंदू, कोणी मुन्नाभाईचे गांधीजी. आणि साठी ओलांडलेले एखादे काका खाली हमखास लिहितात, "चिमणराव पाहिला नाहीत ना? मग तुम्ही काय पाहिलंत!"

काकांचं म्हणणं खरं आहे. पण हे काका आणि त्यांच्या वयाची मंडळी चिमणरावबद्दल नेमकं काय आठवतात, हे कधी नीट वाचलंय का? मी वाचतो, आवडीने वाचतो. त्यात काय असतं? चाळीत एकाच घरी टीव्ही होता. लाकडी सरकत्या दारांचा. दाराबाहेर चपलांचा ढीग. पुढे पोरं, मागे बायका, खिडकीत लोंबकळणारे उशिरा आलेले. टीव्हीचं लायसन असायचं, त्याचे पैसे पोस्टात भरायचे. सगळं तपशीलवार. आता त्यांना विचारा, "काका, एखादा प्रसंग सांगा ना." थोडं थांबतात आणि म्हणतात, "अरे, काय काम करायचे दोघं! प्रभावळकर आणि बाळ कर्वे. धमाल!" झालं, गाडी तिथेच थांबते.

याउलट चाळिशीतल्या कोणालाही 'श्रीयुत गंगाधर टिपरे'बद्दल विचारा. आबा काय म्हणाले, शेखर कसा चिडला, शिऱ्याने कुठे घोळ घातला, शलाकाचं काय झालं, सगळं तोंडपाठ. त्यांची स्मरणशक्ती काकांपेक्षा चांगली आहे म्हणून नाही. टिपरे त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलेत. मोबाइलवर क्लिपा फिरतात, जेवताना लावल्या जातात, पोरांना दाखवल्या जातात. चिमणराव एकदा पाहिला तो पाहिला. त्यातले मोजकेच भाग आज बघायला मिळतात.

म्हणून ही पोस्ट. प्रभावळकर हा केवढा मोठा नट, हे मी वेगळं सांगायला नको. तिशीत चिमणराव केला. २००१ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी आबा टिपरे केले, तेही स्वतःच्या 'अनुदिनी' सदरातून जन्माला घातलेले. आणि २०२५ मध्ये, एक्याऐंशी वर्षांचे असताना, 'दशावतार'मध्ये बाबुली मेस्त्री उभा केला. थिएटरं भरली. म्हणजे आबांचं म्हातारपण त्यांनी आधी अभिनयात जगून घेतलं आणि स्वतः त्या वयाचे झाले तेव्हा अंगाला रंग लावून कोकणच्या रानात उतरले. अशा माणसाची सुरुवात कशी होती? घरच्या अडचणींत गांगरणारा तो पुणेरी कारकून त्यांनी कसा उभा केला? मान कशी टाकली, कुठे थांबले, गुंड्याभाऊ सोटा आपटत आला की चेहरा कसा केला? आज एखाद्या वीस वर्षांच्या नटाला हे शिकायचं असेल तर त्याने जायचं कुठे? काकांच्या "धमाल!"वरून काय शिकणार तो?

टेपा का राहिल्या नाहीत, तर त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ मध्ये. चिमणराव आला त्याच दशकाच्या अखेरीस, ब्लॅक अँड व्हाइट काळात. टेप महाग होती, साठवायला जागा नव्हती, म्हणून कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपेवर पुढचं चित्रण करायचं, ही त्या काळची रीतच होती. टीव्ही म्हणजे आकाशवाणीचं धाकटं भावंड. आज आलं, उद्या गेलं. पन्नास वर्षांनी कोणी विचारेल असं कोणाच्या मनातही नव्हतं.

विलायतेतही हेच झालं. बीबीसीची 'डॅड्स आर्मी' ही विनोदी मालिका तिकडे आपल्या चिमणरावइतकीच लाडकी. तिच्या १९६९ च्या दुसऱ्या पर्वातले पाच भाग असेच गेले. पण फरक पुढे आहे. बीबीसीने लोकांना जाहीर आवाहन केलं की, कोणाकडे जुनं काही असेल तर आणून द्या. २००१ मध्ये त्यातले दोन भाग सापडले. उरलेले तीन अजून नाहीत, पण त्यांच्या संहिता जपलेल्या होत्या. त्यावरून २०१९ मध्ये नवे नट घेऊन ते तीन भाग पुन्हा चित्रित केले गेले. म्हणजे आधी काय हरवलंय याची यादी झाली, मग शोध झाला, आणि जे सापडलं नाही त्यावरही काही उपाय निघाला.

आपल्याकडे पहिली पायरीच नाही. चिमणरावचे एकूण भाग किती, शिल्लक किती, कुठल्या स्थितीत, याची लोकांना सहज बघता येईल अशी एक साधी यादी असायला नको का? आणि फक्त चिमणराव कशाला, मुंबई केंद्राच्या त्या दशकातल्या नाटकांची, मुलाखतींची, 'गजरा'सारख्या कार्यक्रमांचीही. हा सगळा माल कोणा खासगी चॅनेलचा नाही. सरकारी पैशातून, लोकांनी भरलेल्या लायसनच्या काळात झालेला आहे. तो कुठे आहे हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

गंमत बघा. चिमणराव-गुंड्याभाऊंना जन्म देणारे चिं. वि. जोशी काय करायचे? बडोद्यात पालीचे प्राध्यापक होते आणि नंतर बडोदे संस्थानचं दप्तर सांभाळायचे. जुने कागद जपणं ही त्यांची नोकरी होती! त्यांच्याच मानसपुत्राच्या टेपा जपायला आपल्याला जमलं नाही. यावर चिमणरावांनी स्वतःच एक फक्कड लेख लिहिला असता.

ऑगस्ट २०२५ मध्ये बाळ कर्वे गेले. पंचाण्णव वर्षांचे होते. त्या दिवशी सगळीकडे "एक पर्व संपलं", "गुंड्याभाऊ गेला", "भावपूर्ण श्रद्धांजली". भावना खऱ्याच होत्या. पण नोकरी सांभाळून रंगभूमीवर आणि टीव्हीवर इतकी वर्षं काम केलेल्या त्या माणसाला तालमी कशा व्हायच्या, कॅमेरा किती होते, चूक झाली तर पुन्हा घ्यायचे की तसंच पुढे जायचं, हे निवांत बसून किती जणांनी विचारलं असेल? त्या जोडीतले प्रभावळकर आज आपल्यात आहेत, काम करताहेत, लिहिताहेत. त्या मालिकेत छोट्या भूमिका केलेले, कॅमेरा धरलेले, रंगभूषा केलेले, सेट लावलेले लोकही कुठे ना कुठे असतील. बरेचसे सत्तरीच्या पुढचे. ह्यांच्यासाठी आपण श्रद्धांजलीच्या पोस्टची वाट बघत बसायचं का?

आता कोणी म्हणेल, अहो, रस्त्यात खड्डे आहेत, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि तुम्हाला जुन्या मालिकेच्या टेपा सुचताहेत! मान्य. खड्डे आधी बुजवा. पण खड्डे पुढच्या वर्षीही बुजवता येतात. टेप एकदा बुरशीने खाल्ली की खाल्ली. माणूस गेला की त्याच्या डोक्यातलं सगळं त्याच्याबरोबर जातं. शिवाय मराठी भाषा टिकली पाहिजे म्हणून आपण एवढे तावातावाने बोलतो, तर सत्तरच्या दशकात पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाची बोली पडद्यावर कशी ऐकू यायची याचा पुरावा जपणं, हे भाषेचंच काम नाही का?

आणि हे जमण्यासारखं आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये दूरदर्शनने जुनं 'रामायण' बाहेर काढलं तेव्हा अख्खा देश टीव्हीसमोर बसला. जुन्या कार्यक्रमांसाठी 'डीडी रेट्रो' चॅनेल काढलं. २०२४ मध्ये प्रसार भारतीने 'वेव्हज' नावाचं ओटीटी सुरू केलं. म्हणजे दाखवायला जागा आहे, बघायला माणसं आहेत. मराठीचं कपाट कोणीतरी उघडायला हवं, आणि त्यासाठी बाहेरून कोणीतरी दार वाजवायला हवं.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं.

एक. सह्याद्री वाहिनीने जुन्या मराठी कार्यक्रमांची, जे आहे आणि जे नाही त्या दोन्हींची, यादी जाहीर करावी. आपण साधं पत्र पाठवू. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार आहेच.

दोन. आपापले माळे बघा. खरंच बघा. त्या काळी घरात व्हिडिओ नव्हता, पण कॅसेट रेकॉर्डर काही घरांत होता आणि टीव्हीसमोर ठेवून आवाज टेप करणारे हौशी लोकही होते. कोणाच्या वडिलांनी मालिकेत काम केलं असेल, कोणाकडे संहितेची पानं असतील, सेटवरचा एखादा फोटो असेल. रद्दीत घालण्याआधी एकदा विचारा.

तीन. घरात जे काका, मावशी, आजी "आम्ही चिमणराव पाहिलाय" म्हणतात, त्यांच्यासमोर मोबाइल ठेवून दहा मिनिटं रेकॉर्ड करा. चाळ आणि चपलांच्या पलीकडे न्या त्यांना. "मग चिमणराव काय म्हणाला?" हे विचारा. पहिल्यांदा "धमाल होती रे" म्हणतील. पुन्हा विचारा. एखादी बहीण शेजारी बसली असेल तर एकीला आठवेल तिथून दुसरी पुढे नेईल.

येत्या ४ ऑगस्टला आबांचा फोटो टाकायचा तर जरूर टाका, मीही टाकणार आहे. पण त्याआधी सह्याद्रीला पाठवायचं पत्र मी तयार करतोय. कोणाला सही करायची असेल, मजकुरात काही सुचवायचं असेल किंवा माळ्यावर काही सापडलं असेल, तर खाली लिहा.