मनगटाच्या हिशेबातला योग

21 जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन. डिसेंबर 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला, 177 देश त्याचे सहप्रायोजक झाले आणि 2015 पासून 21 जूनच्या सकाळी शाळांची पटांगणे नि सोसायट्यांची पार्किंगे चटयांनी भरू लागली. या चटयांवर अलीकडे आणखी एक उपकरण हजेरी लावते, मनगटावरचे स्मार्टवॉच. ॲपलच्या घड्याळात 2018 पासून योगासाठी स्वतंत्र पर्याय आहे, आणि योगदिनी ठरावीक मिनिटे नोंदवणाऱ्याला ते पदकही देते. त्या मिनिटांत पश्चिमोत्तानासन झाले की चटईवर बसून शेजाऱ्याशी गप्पा, हे पदकाला ठाऊक नसते.

योगवर्गांत यावरून दोन तट पडलेले दिसतात. तासभर घाम गाळूनही घड्याळ जेमतेम शंभर-दीडशे कॅलरी दाखवते म्हणून खट्टू होणारे एका बाजूला. योगासारखी गोष्ट मोजायचीच कशाला, असे म्हणून नाक मुरडणारे दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या तटाचे म्हणणे ऐकायला उदात्त वाटते, पण ते परंपरेला धरून नाही. प्राणायाम देश, काल आणि संख्या यांनी पारखावा, असे पतंजलींनीच सांगितले आहे. गुडघ्याभोवती हात फिरवून चुटकी वाजवायला लागणारा वेळ म्हणजे एक मात्रा, हे हठयोग्यांचे घड्याळ होते. आणि आपल्याकडे नमस्कार घालणारा माणूस किती घातले हे न मोजता कधी उठला आहे?

शिवाय योगाला प्रयोगशाळेत नेण्याचे काम आपल्याकडेच झाले. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनी 1924 मध्ये बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास केला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवले आणि त्या पोकळीला आपल्या गुरूंच्या नावावरून ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटले. बस्ती या आतडी धुण्याच्या क्रियेत पाणी आत कसे ओढले जाते, याचे उत्तर त्यातून मिळाले. त्यांच्या या कामात शिकण्यासारखे आहे ते असे की, आधी प्रश्न नेमका ठरवला आणि मग त्याला साजेसे यंत्र निवडले. आपण आधी यंत्र विकत घेतो.

मनगटावरच्या यंत्राची गोची एका जुन्या वादातून चांगली कळते. 1935 मध्ये तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ भारतात योग्यांची तपासणी करायला आल्या आणि योगी आपले हृदय थांबवू शकतात, असा बोलबाला झाला. पुढे वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी अशा साधकांच्या हृदयाच्या विद्युत नोंदी घेतल्या आणि 1961 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारे रक्त घटते, मनगटावरची नाडी हाताला लागेनाशी होते, स्नायूंच्या आवाजात ठोकेही ऐकू येत नाहीत. पण हृदय चालूच असते. नाडी हरवली म्हणजे हृदय थांबले, असा गैरसमज बड्याबड्यांचा झाला होता. मग आपल्या घड्याळाला बोल कशाला लावायचा? तेही नाडीच बघते.

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा त्वचेवर प्रकाश टाकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषते; प्रत्येक ठोक्याला रक्त वाढते, परतणारा प्रकाश कमी होतो, आणि त्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. धावताना हे बऱ्यापैकी जमते. अधोमुख श्वानासनात मात्र मनगट मागे दुमडते, अंगाचा भार त्यावर येतो, शिरा ताणल्या जातात, घड्याळ त्वचेपासून किंचित सुटते आणि आकडे भरकटतात. हालचाल टिपणाऱ्या संवेदकाची तऱ्हा तर उलटीच. पुण्यात अय्यंगार पद्धतीच्या वर्गात वीरभद्रासन धरून ठेवलेल्याची मांडी थरथरत असते, पण मनगट निश्चल असते. घड्याळाच्या लेखी माणूस उभा आहे, एवढेच.

कॅलरी हा तर अंदाजाचा अंदाज. 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात मनगटी उपकरणे 60 स्वयंसेवकांवर तपासली. सहा उपकरणांनी हृदयगती पाच टक्क्यांच्या आतल्या चुकीने सांगितली. कॅलरींच्या बाबतीत सर्वात चांगले उपकरणही सरासरी 27 टक्के चुकले, सर्वात वाईट 93 टक्के. उपकरणे तेव्हापासून सुधारली असतील, पण त्या चाचणीत होते चालणे, धावणे आणि सायकल. आसने नव्हतीच. आणि खरे सांगायचे तर घड्याळाचा छोटा आकडा नेहमीच अन्याय करत नाही. श्रमांच्या प्रचलित कोष्टकानुसार साध्या हठयोगात विश्रांतीच्या सुमारे अडीच पट ऊर्जा लागते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या तासाला दीडशे कॅलरी होतात, आणि त्यातल्या साठ तो नुसता पडून राहिला असता तरी गेल्याच असत्या. झपझप चालणे यापेक्षा जास्त जाळते. वजन उतरवायला योगवर्ग लावणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवे.

खरी गफलत याच्याही पुढे आहे. आसन सिद्ध होते ते प्रयत्न सैल पडल्यावर, असे योगसूत्रे सांगतात. पहिल्या महिन्यात ज्या आसनाला ठोके शंभरावर जात, त्यालाच वर्षभराने ऐंशी पुरतात. साधक पुढे गेला. घड्याळ म्हणते, आज मेहनत कमी पडली. श्रम मोजायला बनवलेल्या यंत्राला श्रम कमी होण्यातली कमाई दिसणार कशी?

म्हणून घड्याळ काढून ठेवा, असे आमचे म्हणणे नाही. ते नीट बांधा. मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, पट्टा एरवीपेक्षा थोडा घट्ट. योगाचाच पर्याय निवडा. वय-वजन खरे भरा. बटण पंजाच्या बाजूला येत असेल तर घड्याळ फिरवून घाला, नाहीतर मनगट दुमडताच ते दाबले जाऊन नोंद थांबू शकते. ठोके काटेकोर हवे असतील तर छातीचा पट्टा वापरा, तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. ठोक्यांमधल्या अंतराची चढउतार, म्हणजे एचआरव्ही, प्राणायामाच्या वेळी पाहून हुरळून जाऊ नका. मिनिटाला सहा श्वास घेतले की ती तात्पुरती वाढतेच. रोज झोपेतून उठल्यावर, एकाच वेळी पाहिलेले आकडे काही महिन्यांनी बोलू लागतात. आणि शवासनाआधी नोंद बंद करू नका. बहुतेक जण नेमके तेच करतात, तेव्हा काही ‘होत’ नाही म्हणून. प्रत्यक्षात आसनांनंतर ठोके किती लवकर खाली येतात, ही घड्याळाने सांगण्याजोगी सर्वात उपयोगी गोष्ट तिथेच नोंदली जाते.

एक विनंती कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांनाही. योगदिनाच्या निमित्ताने कार्यालयांतून ज्या स्पर्धा लागतात, त्यात गुण अनेकदा कॅलरींवर दिले जातात. पन्नाशीची एखादी लेखापाल वर्षानुवर्षे रोज पहाटे तासभर आसने करते आणि यादीत तळाला असते. लिफ्टसमोर येरझारा घालणारा वर. पुढच्या वर्षी गुण मिनिटांवर द्या, आणि आठवड्यात किती दिवस चटई अंथरली यावर. एवढे तर स्वस्तातले घड्याळही बिनचूक मोजते.