दोनशे रुपयांची कपात

फेब्रुवारीच्या पगारपत्रकात व्यवसाय करापुढे २०० ऐवजी ३०० रुपये दिसले की कचेरीत कुणीतरी हमखास विचारतं, 'या महिन्यात शंभर जास्त का कापले?' हिशेब सरळ आहे. अकरा महिने दोनशे आणि एकदा तीनशे, वर्षाचे २,५००. राज्यघटनेने या कराला तेवढीच मर्यादा घातली आहे. हा पैसा मुळात कशासाठी घेऊ लागले, हे मात्र कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रात हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी. योजनेचे जनक वि. स. पागे. तासगाव तालुक्यातले, आणि १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती. सभापतीकडून सभागृहाची शिस्त राखण्यापलीकडे कुणी फारशी अपेक्षा करत नाही. पागे यांनी मात्र आपल्याच तालुक्यात, साठच्या दशकात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करायला लावला. मग १९७२ चा दुष्काळ पडला. खडी फोडणाऱ्या बायका, पाझर तलावांची खोदाई, मस्टरवरचे अंगठे, सुकडीसाठी लागलेल्या रांगा. पण दुष्काळी काम म्हणजे सरकारची मेहेरबानी. पाऊस पडला की मस्टर बंद. भूमिहीनाला मात्र बऱ्या सालीही उन्हाळ्यात हाताला काम नसतं, आणि योजनेने नेमकं तेच धरलं. काम मागणं हा हक्क. १९७७ मध्ये कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता. तोवर कामाचा हक्क घटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत नुसता लिहिलेला होता. तो मागायला कोर्टात जाता येत नव्हतं.

कायद्याचं कौतुक पुष्कळ झालं, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही त्याचाच कित्ता गिरवला. मला त्यातला कराचा भाग जास्त धाडसाचा वाटतो. पैसा कुणाच्या खिशातून येणार, हे उघड सांगितलं होतं: शहरातला पगारदार आणि व्यावसायिक, मोटारींवरचा जादा कर, बागायती जमीन, शहरांतल्या बिगरनिवासी इमारती. दुकानाच्या मालमत्ता कराच्या बिलावर 'रोजगार हमी उपकर' अशी ओळ असते, ती तिथूनच आली. जमा होईल तेवढीच भर सरकारनेही घालायची होती. गावाला तलाव आणि रस्ते मिळणार, आणि बोजा बराचसा मुंबईकरावर. आमदारांचं एकमत व्हायला तेही एक कारण असावं, असा माझा कयास आहे. कारण काही असो, आश्वासनाला स्वतःचा कर जोडलेला होता. आजकाल घोषणा आधी होते आणि पैशांची शोधाशोध पुरवणी मागण्यांत चालते.

पुढे गाडी घसरली. बेकारी भत्ता कागदावरच राहिला. खोट्या मस्टरांचे किस्से तर प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळतात. आणि पगारपत्रकावरून योजनेचं नाव कधी कळलंच नाही, त्यामुळे कर भरणाऱ्याला आपण साताऱ्याच्या किंवा बीडच्या एखाद्या बांधाचे वाटेकरी आहोत याचा पत्ताच नाही.

कराचं रूपही आता विचित्र झालं आहे. महिना अकरा हजारांवर राबणारा रखवालदार आणि पाच लाख घेणारा संचालक, दोघांना सारखेच २,५००. ही मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने अडीचशेवरून वाढवली होती, ती तिथेच आहे. २०२३ मध्ये पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना या करातून सूट मिळाली. चांगलं झालं. वरच्या टोकाला हात घालायचा तर पुन्हा घटनादुरुस्ती हवी, आणि त्यासाठी दिल्लीत उभा राहील असा महाराष्ट्राचा खासदार मला तरी दिसत नाही.