लवासाचे पुनरुज्जीवन कोणासाठी?

विकासाची किंमत मुळशीने एकदा मोजली आहे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध येथील शेतकरी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहास उभे राहिले. शतक उलटण्याआधीच याच तालुक्यात दासवे परिसरात लवासा हे खाजगी नगर वसविण्यात आले. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने त्याचे बांधकाम थांबविले. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अर्धवट इमारतींची ती अवकळा संपावी, याविषयी दुमत नाही. परंतु दिवाळखोरी कायद्याने नेमलेल्या समितीत धनकोच बसतात; जमीन गेलेला शेतकरी व कातकरी दाराबाहेरच राहतो. त्याचे दावे व रोजगार वगळून होणारे पुनरुज्जीवन म्हणजे केवळ मालकांची अदलाबदल होय. हा प्रश्न कार्यकर्त्यांनी गावोगावी नेला पाहिजे.